निळी फीत

धूप लावला की मला कॅलिफोर्नियाच्या डोंगरातला तो पाइन आठवतो. मुलगी तिथे झाडं पोखरणारे भुंगेरे ओळखायचं काम करते. एकदा मीही सोबत गेले होते. त्या खोडावर डिंकाचे गोळे आले होते, वासही थेट धुपाचा, आणि तोडायची खूण म्हणून निळी फीत बांधलेली. तिने एका गोळ्यातून तांदळाएवढा काळा भुंगेरा काढून भिंगाखाली धरला. "आई, हा मागून राऊंड आहे, म्हणजे झाडं मारणारी जात हीच." "म्हणजे गेलंच की गं!" मी म्हटलं. ती मात्र एकेक गोळा फोडत राहिली; प्रत्येकात मेलेला भुंगेरा. "नो, आई! झाडाने सगळ्यांना डिंकात बुडवलंय. इट्स विनिंग!" फीत सोडून तिने माझ्या हातात दिली. आता ती धुपाच्या डबीला बांधलीय. रोज आधी त्या झाडाला नमस्कार होतो; देव थांबतो थोडा.