खळ घातलेला कागद

मी कागदाच्या घड्या घालते हे कुणाला सांगायचं झालं की मी अजूनही अडखळते. ओरिगामी म्हटलं की समोरच्याला शाळेतली होडी आठवते आणि तो विचारतो, "अजून?" घरी तर तो शब्द कुणी वापरतच नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, "तुझं ते कागदाचं" एवढंच म्हणतात. ते एका शिलाईच्या दुकानात कटिंग मास्तर आहेत. कात्री न लावता कुणी काही बनवतं यावर त्यांचा अजून पुरता विश्वास बसलेला नाही.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. आमचे लोक फार पूर्वी बेंगळुरूला येऊन राहिले. मराठी आम्ही घरात बोलतो, पण शाळा कन्नडमधून झाली. मराठी लिहायला मी माझी मीच शिकले, त्यामुळे लिहिताना दर दोन ओळींनी शंका येते. घडी घालताना मात्र शंका येत नाही. म्हणजे घालताना येत नाही, नंतर येते.

गेल्या वर्षापासून मी रविवारी सकाळी जे. पी. नगरला एका ताईंच्या घरी जाते. ताई पुण्याच्या, इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेल्या. त्यांच्या हॉलमध्ये सात-आठ जण कागद घेऊन बसतात. बहुतेक सगळे इंजिनियर. ते कोन, गुणोत्तरं, कुठल्या बिंदूतून किती पाकळ्या निघतील, असं बोलतात. मी दाराजवळ बसते आणि मोबाईलवर बघून शिकलेलं काहीतरी घालून दाखवते. माझ्या घड्या नीट येतात. ते सगळे म्हणतातही. पण एकदा माझा बेडूक तळहातावर घेऊन ताई म्हणाल्या, "अगं, तुझा हात किती क्लीन आहे! पण हा बेडूक दुसऱ्याचा, मागच्या वेळचा हत्ती दुसऱ्याचा. तुझं काय?"

मी बेडूक परत घेऊन पिशवीत टाकला. ताईंच्या घराजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरत होतं, आणि नियम एकच होता. प्रत्येकानं एक वस्तू ठेवायची, रचना स्वतःची.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर नाही ठेवायची. आणि बेडूक आणून मला पटवायचं नाही हं."

सगळे हसले. मीही हसले. पण परतताना बसमध्ये ते मनातून जाईना. ते हॉलमध्ये नाव लागण्याबद्दल नव्हतं, किंवा थोडं असेलही. खरी भीती वेगळी होती. मला वाटत होतं, माझ्याकडे फक्त हात आहे. सांगण्यासारखं काही नाहीच.

मग मी कागदातून आईला करायचं ठरवलं.

आई लग्नाच्या साड्यांना आधीच निऱ्या घालून देते. निऱ्या आणि पदर बोटांनी मोजून घालायचे, इस्त्रीनं पक्के करायचे, चाप लावायचे, आणि सगळी साडी चपटी करून खोक्यात भरायची. नवरीनं खोकं उघडलं की साडी कमरेला गुंडाळली, झालं. या शेवटच्या कामाला बॉक्स फोल्डिंग म्हणतात. आमच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे, आणि उरलेल्या जागेत आम्ही. लग्नसराईत आई सकाळपासून त्या टेबलावर वाकलेली असते. मला ते वाकणं करायचं होतं. टेबल नाही, इस्त्री नाही, नुसती एक पाठ, मान आणि पुढे गेलेला हात. एकाच कागदातून.

पण पाठीला गोलाई हवी, आणि कोरड्या कागदाची घडी चाकूसारखी सरळ येते. गोलाईसाठी कागद ओला करून वळवतात, चिमटे लावून वाळू देतात. त्यासाठी कागदात चिकटपणा लागतो, तो असला की वाळताना कागद आहे त्या आकारात घट्ट होतो. तसा कागद ताई ऑनलाइन मागवतात. मी मार्केटजवळून जाड हातकागद आणला आणि त्यावर साबुदाण्याची खळ फिरवली. आई सुती साड्यांना घालते तीच, तिच्याच पातेल्यातली. छान जमलं. किती कागद वाया गेले ते सांगत नाही, पण शेवटी शुक्रवारी सकाळी एक बाई उभी राहिली. मी तिचा मोबाईलवर फोटो काढला, चिमटे लावून तिला इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यात पंख्याखाली ठेवलं आणि कॉलेजला गेले. रविवारी सकाळी ती हॉलमध्ये पोचवायची होती.

दुपारी आले तर टेबल रिकामं.

"आई, माझं इथलं काय झालं?"

"केलं की," आई आतून म्हणाली. तिच्या आवाजात मला खूश केल्याचा आनंद होता. "त्या खोक्यात बघ."

खोकं साडीचं होतं, सोनेरी काठाचं. आत पातळ पांढरा कागद, आणि त्याखाली माझी बाई. चपटी. आईनं तिची पाठ मधोमध दुमडली होती, हात पोटावर आणला होता, मान आत वळवली होती, आणि सगळ्यावरून इस्त्री फिरवली होती. कडा इतक्या सरळ होत्या की कुणालाही कौतुक वाटावं. दोन्ही टोकांना टाचण्या लावल्या होत्या, प्रवासात घडी हलू नये म्हणून.

मी खोकं टेबलावर ठेवलं.

"ओलं होतं, खळ होती, टेबलावर होतं," आई हात पुसत बाहेर आली. "मला वाटलं, घाईत विसरून गेलीस इस्त्री करायची. आणि अशी फुगलेली वस्तू बसमधून कशी नेणार होतीस? चुरगळली असती. आता मांडीवर ठेव आणि जा. तिथे उघड."

"आई, ती उघडत नाही."

"का नाही? साडी उघडते."

मी टाचण्या काढल्या. खरंच थोडी उघडली, पण पाठीवर मधोमध जी रेघ पडली होती ती जाईना. पाणी लावून पाहिलं. खळ गरम होऊन बसली होती आणि त्या रेघेवर कागदाचे धागे तुटायला लागले होते. मी ती खाली ठेवली.

"वाया गेलं?" आईनं हळूच विचारलं.

"हो."

"सरी, बरं. चूक झाली माझी. पण मला सांगायचं तरी, हे काय होतं ते."

"तू होतीस," मी म्हटलं. ते जरा जोरातच म्हटलं गेलं.

आई त्या चपट्या कागदाकडे बघत राहिली. मी तिला दाखवायला लागले, ही पाठ, ही मान, हा हात. दुमडलेल्या कागदावर ते दाखवणं इतकं विचित्र होतं की मलाच हसू यायला लागलं. मग मी मोबाईलवरचा सकाळचा फोटो तिच्यापुढे धरला. तिनं तो बोटांनी मोठा केला, लहान केला, मोबाईल उभा-आडवा करून पाहिला.

"कुठंय मी?"

"ही काय."

"हे तर पोतं ठेवल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून, "स्वल्प चांगलं पोतं."

मला राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. आईनं कागद मोडला याचं वाईट वाटत होतंच. त्याहून वाईट हे की फोटोत मला सकाळी जी आई दिसली होती, ती आता मलाही दिसेना. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. खांदे पडलेले, मान लोंबलेली, सगळंच जमिनीकडे चाललेलं. पोतंच होतं ते.

संध्याकाळी आईला एक पैठणी करायची होती. मी कॉलेजचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसले आणि पुस्तकाऐवजी तिच्याकडे बघायला लागले. हे मी आधी केलंच नव्हतं. मी रोज तिला बघते, म्हणून मला माहीत आहे असं धरून चालले होते. करताना मी आईकडे नाही, आईबद्दल मला वाटणाऱ्या वाईटाकडे बघत होते. कॉलेजला गेल्यापासून ते वाटणं जरा वाढलंय. तिथे कुणी घरच्यांबद्दल विचारलं की माझ्या डोक्यात आधी ती वाकलेली पाठ येते, आणि ती दमलेलीच असते.

पण समोरची बाई त्या वेळी दमलेली नव्हती. ती ओढत होती. डाव्या हातानं निऱ्या टेबलावर दाबून धरलेल्या, उजव्या हातानं कापड स्वतःकडे ताणलेलं, एक पाय मागे रोवलेला. पाठ वाकलेली होती, पण धनुष्याची वाकते तशी. मान खाली नव्हती, पुढे होती, काहीतरी ऐकत असल्यासारखी. ओठांत टाचण्या.

"अशी बघत बसू नकोस," टाचण्यांमधूनच ती म्हणाली. "निऱ्या चुकतात." आणि पदर सारखा करून ताठ उभी राहिली.

"ताठ नको उभी राहू."

"मग? एवढी वाकते मी?"

"वाकतेस. पण बरी वाकतेस."

"बरी वाकतेस म्हणे," ती पुटपुटली. थोड्या वेळानं ती मला विसरली आणि पुन्हा तशीच झाली.

शनिवारी मी नवीन कागदाला खळ लावली. या वेळी पाठीपासून सुरुवात केली नाही. आधी मागचा पाय घातला, मग त्या पायापासून डाव्या हाताच्या बोटांपर्यंत एकच ताण ओढत नेला आणि पाठ मधे आपोआप यायची ती येऊ दिली. दोनदा पाणी जास्त झालं. एकदा खांदा इतका वर गेला की बाई रिक्षा थांबवतेय असं वाटलं. दुपारपर्यंत ती उभी राहिली आणि मी चिमटे लावले. तिला ठेवायला सपाट जागा एकच होती.

आईनं काही न विचारता इस्त्री आणि जाड चादर उचलली, जमिनीवर अंथरली आणि पुढची साडी खाली बसून करायला घेतली. "टेबलाला हात लावणार नाही मी," ती म्हणाली. "नंतर पुन्हा माझ्यावर येईल."

तेवढ्यात साडी न्यायला शेजारच्या गल्लीतल्या अक्का आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

"झाली का ग?"

"स्वल्प थांबा अक्का, पदर राहिलाय."

अक्का खुर्चीवर बसल्या. इकडेतिकडे बघता बघता त्यांची नजर टेबलावर गेली. त्या उठल्या, जवळ गेल्या, चष्मा वर केला. मी दारात उभी होते. ती कोण ते मी मुद्दाम सांगितलं नाही.

"अय्यो," अक्का म्हणाल्या, "तुझ्या मुलीनं तुलाच टेबलावर उभी केलीय की!"

"मी इथं खाली बसलेय अक्का," आई म्हणाली. पण ती उठली आणि आली. दोघी शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"पाय बघ. अगदी तुझा," अक्का म्हणाल्या. "एक मागे टाकून उभी राहतेस बघ, भांडायला निघाल्यासारखी."

आईनं वाकून तो पाय पाहिला. मग मला म्हणाली, "तिथं नाव लिहितात का वस्तूखाली?"

"लिहितात. वस्तूचं आणि करणाऱ्याचं."

"मग 'साडी प्री-प्लीटिंग' लिही. आणि खाली आपला फोन नंबर."

"आई, ते प्रदर्शन आहे."

"म्हणून तर. लोक येतील ना बघायला?" अक्का हसायला लागल्या, आणि आईही. पण ती थट्टा करत नव्हती. तिला तिचं काम तिथे जाताना दिसत होतं, तर त्याचा पत्ताही सोबत जावा असं तिला वाटत होतं. मला ते चुकीचं म्हणता आलं नाही. कबूलही करता आलं नाही.

रविवारी सकाळी बाई पूर्ण वाळलेली नव्हती. मी तिला चिमट्यांसकट एका उघड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून बसनं नेलं. हॉलमध्ये बाकीच्यांच्या वस्तू लागल्या होत्या, खवले असलेला मासा, शिंगं असलेला भुंगा, एक अवघड, फार सुंदर मोर. माझ्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवली होती. ताईंनी खोक्यात डोकावून पाहिलं. त्या नेहमी काही ना काही लगेच बोलतात. या वेळी त्या खाली वाकल्या, बाजूनं पाहिलं, मागून पाहिलं.

"कोण आहे ही?" त्यांनी विचारलं.

"माझी आई. साड्यांना निऱ्या घालते."

"हं. दिसतंय, काहीतरी जोरात धरलंय तिनं." मग त्यांनी माझ्या हातात एक कोरं कार्ड दिलं. "नाव काय लिहायचं ते तूच लिही. मला विचारू नकोस."

मी 'निऱ्या' एवढंच लिहिलं, खाली माझं नाव. फोन नंबर लिहिला नाही. तो कुणी विचारला तर सांगायचा, असं ठरवलं. आईला हे पटणार नाही, पण घरी जाऊन तिला तसंच सांगायचं होतं.

मग चिमटे काढायला घेतले. पायाचा, पाठीचा, मानेचा. शेवटचा डाव्या खांद्याचा होता आणि तिथे कागद अजून जरा गार लागत होता. ताई म्हणाल्या, राहू दे, दुपारी काढ. पण लोक यायला लागले होते, आणि चिमटा लावलेली आई मला तिथे ठेवायची नव्हती. मी तो सोडवला आणि हात बाजूला घेतला. खांदा किंचित खाली आला. मी चिमटा परत लावला नाही. थोडा आणखी आला, आणि थांबला.