कमरेचा डबा आणि केळीचं सोपट

दवाखान्यात मोजला की माझा रक्तदाब चढलेलाच असायचा. "वाडीतलं काम बंद. घरी पडून राहा," डॉक्टरांनी फर्मावलं, आणि आमच्या ह्यांनी लगेच ते उचलून धरलं. पानवेलींत जन्म गेलेली बाई मी. मी पडून राहू?

तेव्हा मुंबईच्या एका इस्पितळात नवं यंत्र आलं होतं. कमरेला डबा, दंडाला पट्टा. पट्टा थोड्या थोड्या वेळाने आपोआप आवळायचा आणि डबा रक्तदाब टिपून ठेवायचा. मी हट्टाने ते बांधून घेतलं, वसईला आले आणि सकाळी उठून वाडीकडे निघाले.

पण डब्याचा कमरपट्टा चामड्याचा होता, आणि चामडं घालून आम्ही पानवेलींत पाऊल टाकत नाही. मी कमरपट्टा कुंपणाला टांगला आणि वेली बांधायच्या केळीच्या सोपटाने, त्या वाळक्या सालीच्या पट्टीने, डबा कमरेला आवळला. दंड आवळला की हात खाली सोडून उभी राहायची, सुटला की पुन्हा पानं खुडायला लागायची.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्यासोबत इस्पितळात गेले, तर ते सोपट बघून तिथले डॉक्टर भडकलेच. मग त्यांनी आकडे पाहिले. वाडीतले सगळे आकडे ठाकठीक निघाले, फक्त दुपारी दाब एकदम वर गेला होता.

"दुपारी काय करत होतात?"

"घरी जेवत होते. हे समोर बसून मला आराम करायला सांगत होते."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्या कमरेची गाठ सोडली, डबा टेबलावर ठेवला आणि सोपट मात्र खिशात घातलं.

"चल," म्हणाले, "वेली बांधायच्या राहिल्यात."