संतपूरचा हरवलेला पाऊस

इंदिरा मूळची संतपूरची. वडील पिराजी यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर लेकरांना शिकवायचं मनावर घेतलं होतं. औरादला शाळा, बिदरला कॉलेज करून ती अठ्ठ्याऐंशी साली गुलबर्ग्याच्या एका संशोधन केंद्रात कामाला लागली. तिथं एकच मोठा कॉम्प्युटर होता आणि त्याला जोडलेली, पडदा आणि कीबोर्ड असलेली काही टर्मिनलं. बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे छप्पन साली म्हैसूर राज्यात आले, तेव्हापासूनच्या तिथल्या पावसाचे आकडे त्यात भरायचे, हे तिचं काम.

बाहेर उन्हानं शहाबादी फरशी तापलेली असायची आणि आत गार हवा घुमत असायची. बोटांखाली एखाद्या जुन्या श्रावणाचा आकडा आला की इंदिराला तुरीची ओली पानं दिसत. आपल्या जन्माआधीचा पाऊस आपल्या हातून पुन्हा पडतोय असं वाटून ती कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राही.

शेजारी निर्णा गावचा सिद्धराम बसे. तो हुमनाबादकडचा पाऊस भरी. फाईल एकच होती, म्हणून इंदिरानं प्रोग्रामात लॉकची सोय केली होती. एकजण लिहीत असला की फाईलीला त्याच्या नावाचं कुलूप. दुसऱ्यानं थांबायचं.

एका दुपारी तिनं पाहिलं, तर संतपूरचा एक अख्खा आषाढ नाहीसा झालेला. तिनं तो पुन्हा भरला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. आपण हात लावला नाही, असं सिद्धराम म्हणाला. इंदिरा मात्र दुसऱ्या दिवसापासून लांबच्या टर्मिनलवर बसू लागली. दोघांचं एकत्र जेवणंही थांबलं.

सुट्टीत ती गावी गेली, तेव्हा आईच्या, सावित्रीबाईंच्या, ध्यानात आलं.

“कामून गप बसायलीस?”

“आपल्या गावचा पाऊस हरवला,” इंदिरा म्हणाली आणि सगळं सांगितलं.

आई हसली नाही. “त्यानंच पुसला, हे तू बघितलीस का?”

“न्हाई.”

परतल्यावर इंदिरानं सिद्धरामला मदत मागितली. तो जरा वेळ थांबून आला. तिनं फाईल लॉक केली, त्यानं आपल्या टर्मिनलवरून तीच मागितली. त्याचा पडदा अडून राहिला. मग ती एकेक पायरी सावकाश करू लागली. प्रोग्राम महिन्याची बेरीज करायला लागला आणि सिद्धराम हळूच म्हणाला, “मला फाईल मिळाली.”

तिनं लॉक अजून सोडलंच नव्हतं.

बेरीज करणारा भाग तीच फाईल वेगळी उघडत होता आणि वाचून झाली की बंद करत होता. मशीनच्या गाभ्यात चालणाऱ्या, कर्नल नावाच्या मूळ प्रोग्रामाचा नियम असा, की प्रोग्रामानं फाईल एकदा कुठूनही बंद केली की तिच्यावरची त्याची सगळी लॉकं सुटतात. मग सिद्धरामचा प्रोग्राम जुनी प्रत उचले, इंदिराचा आषाढ लिहिला जाई आणि सिद्धरामनं आपले आकडे साठवले की त्यावर ती जुनी प्रत बसे.

“म्हणजे मीच पुसायलो होतो व्हय?” तो म्हणाला.

“लॉक माझंच सुटत होतं, सिद्धराम. मी उगं तुझ्यावर रुसले.”

त्यानं खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली.

आधीच उघडलेल्या फाईलीतूनच बेरीज होईल आणि फाईल अगदी शेवटी बंद होईल, अशी तिनं दुरुस्ती केली. त्यानंतर एकही सर गेली नाही.

हरवलेला आषाढ पुन्हा भरायचा होता. सिद्धराम आकडे वाचू लागला आणि ती टाईप करू लागली. वाचता वाचता तो नकळत कानडीत शिरला. मोठा आकडा आला की म्हणे, “मळे बंतु.” पाऊस आला. इंदिराला कानडी चांगली येत होती, तरी तिच्या मराठी कानांना दर वेळी मळेच ऐकू येत, हिरवेगार, पार बांधापर्यंत. ती नुसती टाईप करत राहिली.