ताईच्या खुब्याचा काप

"माझी ताई हाडं घासते," असं मी पाहुण्यांना सांगायचे आणि त्यांचे चेहरे बघत बसायचे. ताई चिडायची. "नीट सांग ना," म्हणायची. नीट सांगायचं तर ती हाडांच्या प्रयोगशाळेत होती. ऑपरेशनात काढलेला किंवा देहदानातून आलेला हाडाचा तुकडा करवतीने कापायचा, काचपट्टीवर चिकटवायचा आणि पॉलिश पेपरवर पाणी टाकत इतका पातळ घासायचा, की त्याच्याखाली ठेवलेली अक्षरं वाचता यावीत. पुढचं काम तिथल्या संशोधक मॅडमचं. त्या सूक्ष्मदर्शकात वर-खाली दोन खास काचा बसवून हाडातले कोलॅजनचे धागे बघायच्या. आडवे पडलेले धागे लख्ख उजळतात, सरळ डोळ्याच्या दिशेने उभे असलेले काळे दिसतात. हाडावर भार कसा पडत गेला, यावर धाग्यांची मांडणी बरीचशी ठरते. मला एकदा दाखवलं तेव्हा मी म्हणाले, "इथे तर काहीच नाही, नुसता अंधार."

"अगं, तिथेच गच्च भरलेत," ताई म्हणाली. "तुझ्याकडे तोंड करून उभे आहेत, म्हणून दिसत नाहीत."

सगळ्या कापांची जाडी सारखी हवी, ही तिथली पहिली अट. काप जाड राहिला की धाग्यावर धागा येतो, काळं असायला हवं तेही उजळतं, आणि एका हाडाची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नाही. ताईचा हात यात बसलेला होता. मापाचं यंत्र नंतर, आधी तिचं बोट.

मग तिचाच खुबा गेला. भिंत धरून चालायची, पण दुखतंय असं कबूल करेल तर शपथ. शेवटी खुबा बदलायचं ठरलं, तेव्हा हिने डॉक्टरांना विचारलं काय, तर काढलेलं हाड मला मिळेल का. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, कपाळाला हात लावून बसली. मॅडमनी मात्र रीतसर परवानगी काढली.

ऑपरेशननंतर भाचीने आईला बजावलं, "आता घरी बस. आज पाय गेला, उद्या हात थरथरायला लागतील."

ताईला ते फार लागलं. "माझ्या हाडाचा काप मीच करते," ती म्हणाली. "बिघडला, तर दुसऱ्या दिवसापासून घरी." भाची लगेच कबूल झाली. बिघडणारच, याची तिला खात्री होती. मलाही मनातून तसंच व्हावं असं वाटत होतं, कारण ताई दमलेली दिसायची.

त्या दिवशी सोबत म्हणून मी गेले. ताईने काठी टेबलाला टेकवली, तुकड्याच्या वरच्या बाजूला शाईची खूण केली आणि घासायला घेतलं. बोट फिरवलं, आणखी थोडं घासलं आणि थांबली. मॅडमनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "छान आहे," त्या म्हणाल्या, पण मान वर न करता.

ताईने त्यांना बाजूला सारलं आणि स्वतः बघितलं. "छान कसलं? सगळीकडे उजेडच उजेड. जाड आहे."

"चालेल हो. तुमचंच तर आहे."

"म्हणूनच जाड राहिलंय," ताई म्हणाली. ओठ घट्ट मिटून तिने पुन्हा घासायला घेतलं. मला बघवेना, मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मॅडमनी हाक मारली तेव्हा वरची कड काळीभोर झाली होती आणि खालची लख्ख. काप अगदी मापात उतरला होता. भाची हरली आणि मुकाट्याने आईचा डबा भरायला लागली.

पुढच्या आठवड्यात ताईकडे नवे तुकडे आले. तिथे नावं नसतात, नुसते क्रमांक. ताईचे सगळे काप जाड निघाले. मॅडमनी परत दिले, तरी जाडच. अजून जाड आहे असं यंत्र दाखवत होतं, पण ही आधीच हात उचलून घ्यायची. शेवटी तिनेच जाऊन सांगितलं, माझ्या जागी दुसरं कुणी बघा.

भाचीला वाटलं, आपलंच खरं झालं. "थरथरतात ना हात?" तिने हळूच विचारलं.

ताईने दोन्ही हात तिच्यासमोर धरले. जराही हलत नव्हते.

"हातांना काय धाड भरलीये," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुकडा आला की घासायचे. आता हातात घेतला की वाटतं, हे कुणाचं तरी आहे. बास झालं. राहू दे त्याचं थोडं."