आतली गोगलगाय

शिंपीआजोबांच्या नातीला आकडी यायची. जिना चढताना ती मध्येच बसायची, की आजोबा वरून ओरडायचे, "चल गं, गोगलगाय! आकडी डोक्यात येते, पायांत नाही!" शेजारी हसायचे.

आज डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर हृदय दाखवलं. "आकडी येणाऱ्या काही मुलांचं हृदयही थकतं, आजोबा. ठोक्यानंतर हे पटकन सैल होत नाही, फार हळू होतं, म्हणून तिला दम लागतो."

नात खुदकन हसली. "आजोबा, आत पण गोगलगायच आहे!"

आजोबांना मान वर करवेना.

घरी परतताना ते पहिल्याच मजल्यावर तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"काय हो, दमलात?" शेजारणीने विचारलं.

"मी नाही," आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही दमलीय. खरंच दमते ती."