तिचं मत लोणंदला

लढाईत नवरा गेलेल्या आम्ही गावात दोघी. मी शेतकऱ्याच्या घरातली, ती शेजारच्या पिंजाऱ्यांची सून. पेन्शन आणायला बरोबरच जायचो. वाटेत एकीनं रडायचं, दुसरीनं हसवायचं.

लढाई संपली आणि निवडणूक आली. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. माझ्या सासूला नव्हतं, जावेला नव्हतं. पण शिपायाच्या विधवा म्हणून आम्हा दोघींना होतं. चांगली लुगडी नेसून जोडीनं जायचं, असं आम्ही ठरवून टाकलं.

आदल्या दिवशी तलाठी म्हणाले, "तुमचं मत इथं शाळेत. हिचं लोणंदला."

"आवं, भिंतीला भिंत हाय आमची," मी म्हटलं.

"असेल. पण मुसलमानांचा मतदारसंघ वेगळा. त्यांचा उमेदवारही वेगळा."

गावोगावची विखुरलेली मुसलमान घरं गोळा करून तो मतदारसंघ केलेला, त्यामुळे लांबच लांब पसरलेला. आमचा उमेदवार पारावर येऊन हात जोडून गेला होता. तिचा काळा की गोरा, गावात कुणी पाहिला नव्हता.

सकाळी शाळेत मत दिलं आणि मी तिच्याबरोबर निघाले.

"तुजं झालं न्हवं? मग लोणंदला काय काम?" सासू ओरडली. मी थांबले नाही.

तिथं दारातच पोलिसानं मला अडवलं. ती एकटी आत गेली. मत देऊन बाहेर आली. परतताना ओढ्याकाठी भाकरी सोडली, तेव्हा म्हणाली, "तुज्या उमेदवाराला मत द्याया मिळालं असतं तर बरं झालं असतं गं. त्याचं तोंड तरी ठाव हाय."

पुढं ती भावाकडे मिरजेला गेली, ती तिकडचीच झाली. स्वातंत्र्य आलं, वेगळे मतदारसंघ गेले, मत सगळ्यांना मिळालं. त्या निवडणुकीत शाळेपुढं बायकांची मोठी रांग लागली. सासू, जाऊ, पिंजाऱ्यांच्या घरच्या बायका, सगळ्या एकाच रांगेत, त्याच उमेदवारांसाठी. हे बघायला ती हवी होती. तीही आता मिरजेत अशाच रांगेत उभी असेल, पण तिचा मतदारसंघ पुन्हा वेगळाच. या वेळी धर्मामुळं नाही, नुसत्या अंतरामुळं. तरी मला ते सोसेना.

"फुडं सरक की गं," मागून सासू म्हणाली, "कुणाची वाट बगतीस?"

"कुणाची न्हाई," म्हणाले आणि सरकले.