शेंदराची वाट

साऱ्या काशीत गंगेकडे पाठ करून दगडांच्या नादी लागलेला माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरात झाला. माझे थोरले दीर. मी त्यांना भावजी म्हणे, ते मला ‘धाकटे’ म्हणत. मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं घर, पायऱ्या उतरलं की गंगा. जिच्या दर्शनाला लोक कुठून कुठून येतात, तिच्या काठी हे जन्मले, वडिलांच्या हाताखाली भिक्षुकी शिकले, पाठशाळेत मुलांना संथा देऊन म्हातारे झाले. पण पाण्याकडे त्यांनी कधी धड पाहिलं असेल तर शपथ. नजर सदा पायरीवर. ही पायरी कुठल्या खाणीतली, हिच्यावर छिन्नी चालवणारा उजवा होता की डावरा, एवढंच त्यांना हवं असे. घाटांचा दगड चुनारकडच्या डोंगरांतून होड्यांनी आला, हे ते अशा थाटात सांगत, जणू उतरवून घ्यायला स्वतः उभे होते. जुने पाथरवट दगडावर आपापली खूण कोरत, कुणी त्रिशूळ, कुणी मासा. ती खूण शोधायला भावजी एकदा भोसले घाटावर सकाळच्या गर्दीत पालथे पडले. एक नावाडी घाबरून धावत आला. ‘‘अरे पंडितजी, गिर गए का?’’ भावजी मान न उचलता म्हणाले, ‘‘गिरा नहीं हूँ भैया, पढ़ रहा हूँ.’’ तेव्हापासून घाटावरचे लोक त्यांना ओलांडून जात, उठवत नसत. आमच्या पायऱ्यांवर, पाण्यापासून चौथीवर, त्यांना एक मासा सापडला. त्या दिवशी त्यांनी घरात शिरा करायला लावला.

पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर तर त्यांना घाटही पुरेना. दर रविवारी पहाटेची पॅसेंजर धरायची, चुनारच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनावर उतरायचं आणि रानात शिरायचं. तिथे दोन डोंगरांच्या मधून एक लहान नदी गंगेला भेटायला निघते. दोन्ही काठांना पळस, मोह, तेंदू. आत कधीच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणी. पाचरी ठोकायला पाडलेली भोकं कातळात ओळीने दिसतात, एक अर्धा घडवलेला खांब आडवा पडलेला आहे, आणि सर्वांत मोठ्या खाणीत हिरवं पाणी साठलंय. दगड नदीपर्यंत न्यायची जुनी गाडीवाट झाडीत बुजून गेली होती. ती मोकळी करायची, म्हणजे लोकांना चालत खाणीपर्यंत जाता येईल, हे भावजींनी मनावर घेतलं. ‘‘काशीला सगळे येतात,’’ ते म्हणत, ‘‘काशीचं माहेर कुणी पाहिलंय? ती खाण म्हणजे काशीचं माहेर.’’ यावर माझ्या जाऊबाई चुलीपाशीच म्हणायच्या, ‘‘माझं माहेर बघायला जन्मात दोनदा आलात. अन् त्या रानात असा कोण देव बसलाय, की दर रविवारी वारी?’’ भावजी रोज नवं असल्यासारखं हसत आणि म्हणत, ‘‘तू ये ना एकदा. ये तर खरी.’’ जाऊबाईंचे गुडघे तेव्हापासूनच दुखत. त्या कधी गेल्या नाहीत.

गेले ते आमचे हे आणि मी. आमचे हे पहिल्याच मोहाखाली पंच्याची उशी करून झोपत, ते आम्ही परतेपर्यंत. मला नेत, कारण मी बोलत नसे. ‘‘रानात बोलणारं माणूस म्हणजे पितळेची परात,’’ असं भावजींचं मत. मग दोन तास तेच बोलत. ऊन असो नसो, छत्री उघडी. झुडूप तोडायच्या आधी त्याला ‘क्षमस्व’ म्हणायचे आणि मग असा कोयता चालवायचे, की ती क्षमा आगाऊच मागितलेली बरी होती, असं वाटावं. दुपारी दशम्या आणि लोणचं. जेवताना चित्राहुती घालायचे, आणि पानाबाहेर एक घास जास्त ठेवायचे. तो कुणाचा, विचारलं नाही तरी सांगत, ‘‘खाणीतल्या पाथरवटांचा. ज्यांचं श्राद्ध करायला कुणी उरलं नाही, त्यांचा.’’

वाटेला खुणा हव्या होत्या. चुन्याच्या केल्या, त्या पावसात गेल्या. मग त्यांनी छिन्नी-हातोडा विकत आणला. जन्मभर पळी-पंचपात्री धरलेला हात तो, म्हणून आधी घरातल्या पाटांवर, उंबऱ्यावर सराव चालला. दर वळणावर एका दगडात बाण कोरायचे, आणि दर बाणाच्या शेवटी छिन्नी घसरायची. त्यामुळे त्यांच्या सगळ्या बाणांची शेपटी मांजरासारखी वर वळलेली. कोरलेलं लांबून दिसावं म्हणून त्यात तेलात कालवलेला शेंदूर भरायचा. ‘‘मारुतीवर टिकतो, तर बाणावर का नाही टिकणार?’’ शेंदराचा डबा माझ्या हातात असे. आता सांगा, भिक्षुकाच्या घरातला माणूस, आणि रानातल्या दगडाला शेंदूर लावला तर पुढे काय होतं, हे त्यांच्या ध्यानात येऊ नये? माझ्या आलं होतं. पण मी बोलले नाही.

पुढच्या रविवारी तिसऱ्या दगडावर झेंडूचं फूल होतं. त्याच्या पुढच्या रविवारी अर्धा नारळ आणि विझलेली उदबत्ती. भावजी कपाळाला हात लावून बसले. मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईला त्यांनी हात जोडून समजावलं, ‘‘माई, ये भगवान नहीं है, रास्ता है रास्ता.’’ ती म्हणाली, ‘‘त रस्ता भगवान ना हौ का?’’ शास्त्रार्थात भावजींना गप्प बसवणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गाडीत ते सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होते. काशी स्टेशन आल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘धाकटे, बाई चुकीचं बोलली नाही गं.’’ पुढे गावकऱ्यांनी तो दगड उचलून मोहाखाली पारावर बसवला. बाण फिरला, वाट तुटली. उन्हाळ्याआधी नवा दगड कोरू, असं ते म्हणत होते.

माघात ते गेले. आम्ही बायका घरीच होतो. मणिकर्णिकेवरून परत आल्यावर आमचे हे ओसरीत बसून म्हणाले, ‘‘तिथल्या पायरीवर एक त्रिशूळ दिसला. वाटलं, दादाला हाक मारावी.’’ मग तोंडावर पंचा घेऊन रडले.

चैत्रात जाऊबाई मला म्हणाल्या, ‘‘मला ती खाण दाखव. काय होतं तिथे, ते मला एकदा बघू दे.’’ गुडघ्यांना फडकी बांधून त्या निघाल्या. हे स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर थांबले. त्यांना रानात जाववेना. दोन बाणांपर्यंत मी नीट नेलं. तिसऱ्याच्या जागी नुसता खळगा, आणि वाटा दोन. झुडपं पुन्हा वाढली होती. जाऊबाई वाकून श्वास घेत होत्या. परक्या माणसाला मी कधी काही विचारलेलं नाही, पण मोहाखाली तीच बाई फुलं वेचत होती. मी विचारलं, ‘‘माई, खदान किधर है?’’ ती पाराकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘बाबा से पूछ ला. जे भुला जाला, ऊ छातावाले बाबा के छू ले ला. बाबा रस्ता देखा दे लन.’’

वाट चुकलेल्यांना वाट दाखवणारे छत्रीवाले बाबा. पारावर शेंदराचा एक गोळा होता, पुटावर पुट चढून दगड ओळखू येत नव्हता. जाऊबाईंनी हात ठेवला. बोटं शेंदरात फिरत फिरत एका खाचेत बसली, खाचेतून हळूहळू सरकली, शेवटी जाऊन वर वळली. तिथे थांबली. मला कळलं, की घरातल्या पाटावर, उंबऱ्यावर सराव म्हणून कोरलेले बाण पुसताना ती वळलेली शेपटी त्यांच्या हाताला पाठ झाली होती.

‘‘इकडे दाखवताहेत,’’ त्या म्हणाल्या. बाण आम्ही आलो त्याच वाटेकडे होता.

गप्प राहायची माझी सवय. पण एकदा गप्प राहून काय झालं, ते समोर पारावर होतं. मी म्हटलं, ‘‘वहिनी, दगड फिरवलेला आहे. खाण डावीकडे असणार. फार लांब नाही.’’

‘‘असू दे गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जन्मभर ये ये म्हणत राहिले. आज पहिल्यांदा म्हणताहेत, घरी जा, गुडघे दुखतील. हे तरी ऐकते.’’

आम्ही परत फिरलो. गाडीत त्यांनी उजवा हात पदराला लागू दिला नाही, मांडीवर उताणा ठेवला होता. पाची बोटं शेंदराने लाल. काशीला उतरल्यावर हात धुवायला म्हणून आमच्या घाटावर गेलो, तर पाण्याकडे जाता जाता त्या मध्येच कण्हत वाकल्या, भिंतीला धरून पायरीवर बसल्या. ‘‘धाकटे, हाच का गं तो मासा?’’

मी हो म्हटलं. त्यांनी त्याच्यावरून एकदा बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी आणायला उतरले, तेव्हा माशाला थोडा शेंदूर लागलेला होता, आणि त्याच्यावर कुणीतरी ताजं झेंडूचं फूल ठेवून गेलं होतं.